बाळ, पाऊस आणि लेक डिस्ट्रिक्ट: परदेशात राहून वसंतातली सहल कशी जमवायची?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा बाळ कुशीत झोपलंय म्हणून आवाज लावता येत नाहीये, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मँचेस्टरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये झाली. इथे कायद्याने वडिलांना दोन आठवड्यांची रजा मिळते. ती संपली आणि मी परत लॅपटॉपसमोर. आई पुण्याहून आली होती, पण व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिनेच राहता येतं. मार्चमध्ये ती परत गेली आणि दिवसभर घरात उरल्या बायको आणि बाळ. त्याआधीचा अख्खा हिवाळा असा गेला होता की डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार. एप्रिलमध्ये बायको म्हणाली, "कुठेही ने, पण या चार भिंतींच्या बाहेर ने."

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो. त्याला एक रजा जोडली की चार दिवस. जागा ठरली लेक डिस्ट्रिक्ट, कारण ट्रेनने साधारण दोन तासांत पोचता येतं. मग हवामानाचं ॲप उघडलं. चारही दिवस पाऊस! व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अरे, एवढ्याशा लेकराला पावसात कुठे नेताय? बाधेल ना." जायचं की रद्द करायचं?

आम्ही गेलो. का गेलो आणि कसं जमवलं, तेच आज समजावून सांगतो.

पाऊस म्हणजे नक्की किती?

आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जुलैमधला पाऊस. इथला पाऊस वेगळ्या जातीचा. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. हो, पुण्यापेक्षा कमी! मँचेस्टरला साडेआठशेच्या आसपास. मुंबईत दोन हजारांच्या वर. फरक असा की आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि इथे तो बारा महिने थोडा थोडा पिरपिरत राहतो.

म्हणून ॲपमध्ये चार दिवस ढगाचं चित्र दिसलं, तरी त्याचा अर्थ चार दिवस झड लागणार असा नसतो. दिवसाचं चित्र बघूच नका, तासांचं बघा. आमच्या चार दिवसांत रोज दोन-तीन तास तरी कोरडे किंवा नुसते ढगाळ दिसत होते. आणि वसंत हा ब्रिटनमधला त्यातल्या त्यात कोरडा काळ. खरा ओला काळ शरद आणि हिवाळा.

डोंगराची कोणती बाजू?

लेक डिस्ट्रिक्ट मात्र इंग्लंडमधल्या सगळ्यात ओल्या भागांपैकी एक. तिथल्या बोरोडेल खोऱ्यात सीथवेट नावाची वस्ती आहे, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जवळच्याच हॉनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पडला आणि तो ब्रिटनचा विक्रम ठरला. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता. मुंबईकर, तुम्ही कायम पुढेच.)

कारण शाळेत शिकलोय तेच. पश्चिमेकडून समुद्रावरची ओली हवा येते, डोंगराला धडकते, वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. आपल्या सह्याद्रीचंच गणित. इथला सर्वात उंच स्काफेल पाइक ९७८ मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा बराच ठेंगणा, पण काम तेच करतो. महाबळेश्वरहून पाचगणी आणि पुढे वाईला उतरताना पाऊस कसा कमी होत जातो, तसंच इथे बोरोडेलहून पूर्वेला पेनरिथकडे जाताना होतं.

याचा उपयोग काय? पर्यटकांच्या यादीत "सर्वात सुंदर" म्हणून जी खोरी असतात, त्यातली बरीच मधल्या उंच डोंगरांत आणि पश्चिमेला आहेत. बाळ बरोबर असेल तर मुक्काम तिथे न करता पूर्वेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या गावात करा. आम्ही विंडरमियर निवडलं. ट्रेन थेट गावात येते (काही गाड्या मँचेस्टरहून सरळ, नाहीतर ऑक्सनहोमला बदलायची), बस आहेत, बोटी आहेत आणि छपराखाली बघण्यासारखं बरंच आहे.

बाळाला पाऊस नाही, गारठा बाधतो

आईचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. सर्दी विषाणूमुळे होते, पावसाच्या थेंबामुळे नाही. पण ओलं कपडं अधिक वारा अधिक १२ अंश तापमान, हे मिश्रण बाळासाठी खरंच वाईट. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे अंगातली उष्णता पटकन निघून जाते. शिवाय आपण चढ चढून घामाघूम होतो आणि बाळ नुसतं बसलेलं असतं. आपल्याला गरम होतंय म्हणजे बाळालाही होत असेल, हा हिशेब चालत नाही.

आम्ही हे पाळलं:

- बाहेर पडताना आपल्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. पण कॅरियरमध्ये छातीशी असेल तर आपली ऊबही एक थर धरायची.
- बाळाला थंडी वाजतेय का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावायचा.
- सुती कपडा ओला झाला की पाणी धरून ठेवतो. वरचा थर लोकरीचा किंवा फ्लीसचा, त्याच्यावर वॉटरप्रूफ.
- बाबागाडीचं प्लास्टिकचं कव्हर हवा जायला जागा असलेलंच घ्यायचं. दुकानात, बसमध्ये शिरल्यावर किंवा ऊन पडल्यावर लगेच काढायचं, कारण आत पटकन गरम होतं. कव्हर म्हणून चादर किंवा शाल टाकायची नाही.
- कॅरियरमध्ये बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको आणि मान वाकवली की आपल्याला बाळाच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे.
- गाडीने जाणाऱ्यांसाठी: जाड जॅकेट घालून बाळाला कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा जॅकेटवर घट्ट वाटतो, पण अंगाला सैल राहतो. पट्टा आधी, पांघरूण नंतर.

दिवस कसा आखायचा?

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पाऊस बदलता येत नाही, आणि आठ महिन्यांच्या बाळाच्या दोन झोपाही बदलता येत नाहीत. बदलता येते ती फक्त आपली यादी. म्हणून आम्ही ठिकाणांची यादी केलीच नाही, वेळेच्या खिडक्या केल्या. दोन झोपांच्या मध्ये साधारण अडीच-तीन तासांची एक खिडकी मिळते. एका खिडकीत एकच गोष्ट. आणि प्रत्येक बाहेरच्या गोष्टीला दहा मिनिटांच्या आत एक कोरडी जागा हवीच.

शनिवारी सकाळी ॲपवर दोन तास कोरडे दिसले. बसने ब्रॉकहोलला गेलो. तळ्याकाठी बाग आहे, बाबागाडी जाईल असे रस्ते आहेत आणि पाऊस आलाच तर आत कॅफे आहे. डॅफोडिल्स संपत आले होते, पण झाडांखाली निळी ब्लूबेल्स फुलली होती.

दुपारी पाऊस लागला तेव्हा बोनेसहून बोट घेतली. विंडरमियर हे इंग्लंडमधलं सर्वात मोठं नैसर्गिक तळं, लांबी सतरा किलोमीटरच्या आसपास. बोटीत खालच्या मजल्यावर काचेच्या खिडक्या असतात. इंजिनाच्या घरघरीने मुलगी पाचव्या मिनिटाला झोपली आणि आम्ही दोघं कितीतरी महिन्यांनी न बोलता शेजारी बसून चहा प्यायलो.

रविवारी ग्रासमियर. तिथल्या डव्ह कॉटेजमध्ये वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ राहिला. डॅफोडिल्सच्या कवितेमागे जी फेरी होती, ती १५ एप्रिल १८०२ ची, अल्सवॉटर तळ्याकाठची. बहीण डोरोथीच्या डायरीप्रमाणे त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता. म्हणजे इंग्रजी वसंताचं ते प्रसिद्ध चित्रही छान हवेतलं नाहीच! अशा जुन्या घरांत खोल्या बारक्या असतात, तिथे कॅरियरच बरा. चर्चजवळ १८५४ पासून चालत आलेलं जिंजरब्रेडचं छोटं दुकान आहे. चव? आलेपाकाचा कुरकुरीत चुलतभाऊ समजा.

धो धो पावसासाठी राखीव पर्याय होता केसिकचं पेन्सिल म्युझियम. बोरोडेलमध्ये सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं आणि तिथून तिकडच्या पेन्सिलींची गोष्ट सुरू झाली. आम्हाला गरज पडली नाही, पण राखीव पर्याय खिशात असला की डोकं शांत राहतं.

चालायची आवड असेल तर नॅशनल पार्कने "माइल्स विदाउट स्टाइल्स" नावाने काही वाटा निवडून दिल्यात. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायला केलेली लाकडी किंवा दगडी पायरी. बाबागाडी ढकलत असाल तर तिथेच सहल संपते. या वाटांवर त्या पायऱ्या नाहीत. गाडी असेल तर टार्न हाउजची तळ्याभोवतीची तीनेक किलोमीटरची फेरी बघा.

बसबद्दल एक सूचना. बाबागाडीची जागा आणि व्हीलचेअरची जागा एकच असते आणि पहिला हक्क व्हीलचेअरचा. त्यामुळे एका हाताने घडी होणारी हलकी बाबागाडी न्या. बाळ एका हातात, घडी दुसऱ्या हातात, ही प्रॅक्टिस घरीच करून ठेवा.

मुक्कामाची जागा

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली छोटी कॉटेज बरी. बुक करताना तीन प्रश्न विचारा: हीटिंग आपल्या हातात आहे का, कपडे वाळवायची सोय आहे का, बाळाचा कॉट मिळेल का. कॉट आल्यावर गादी सपाट आणि घट्ट आहे ना बघा. बाळाला उताणं झोपवायचं, आत उशी नको, सैल पांघरूण नको. खोली १६ ते २० अंश. आपल्याला ती गार वाटते, पण बाळासाठी तीच सुरक्षित मानतात.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. मे महिन्यात इथे साडेपाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. पातळ पडदे असले तर बाळ पाचला उठून टाळ्या वाजवतं. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि काच खराब न करणारी चिकटपट्टी बॅगेत टाका. खिडकीला लावा. एक तासाची झोप वाचते.

खाणं आणि औषधपाणी

मूगडाळ-तांदूळ भाजून डब्यात नेले होते. पाणी घातलं की खिचडी. बाळाच्या वाटीत मीठ नाही. आणि एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, घरून गुटीबरोबर चाटवायला कितीही प्रेमाने सांगितलं तरी. त्यातून बोट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. पावडरचं दूध देत असाल तर उकळलेलं पाणी किमान ७० अंश असताना मिसळायचं आणि मग थंड करायचं. अर्धी प्यायलेली बाटली तासाभराने फेकायची.

थर्मामीटर बरोबर हवाच. इथला नियम: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त, तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ किंवा जास्त ताप आला तर वाट बघायची नाही, १११ ला फोन. मोठं बाळही मलूल वाटलं, पीत नसलं तर तेच. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट ९९९. मुक्कामाचा पिनकोड, म्हणजे इथला पोस्टकोड, फोनमध्ये लिहून ठेवा. गडबडीत तो आठवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं

कपडे, ॲप, बस, हे सगळं ज्या एका गोष्टीसाठी, ती शेवटी सांगतो. परदेशात बाळाला घ्यायला तिसरा हात नसतो. आजी नाही, मावशी नाही, शेजारच्या काकू नाहीत. त्यामुळे सहलीला गेलो तरी आई तीच, काम तेच, फक्त खोली नवीन, असं सहज होतं. म्हणून आम्ही रोज एक खिडकी बायकोसाठी राखून ठेवली. दीड तास, एकटी, फोन सायलेंट. बाळ माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मला तशीच एक.

पहिल्या दिवशी ती छत्री घेऊन तळ्याकडे गेली. परत आली तेव्हा बूट चिखलाने भरलेले, केस ओले. म्हणाली, "काही केलं नाही. नुसती चालले. कोणी मला हाक मारली नाही." ॲपवर त्या तासाला पाऊस होता, आणि पडलाही.

तेव्हा चारही दिवस ढग दिसले म्हणून बुकिंग रद्द करू नका. आधी बघा: तासाच्या अंदाजात खिडक्या आहेत का, जवळ कोरडी जागा आहे का, आणि दोघांना प्रत्येकी थोडा मोकळा वेळ मिळणार आहे का. तिन्हींना "हो" असेल तर निघा. वादळाचा इशारा असेल, बाळाला ताप असेल, तर नका जाऊ. सहल कुठे पळून जात नाही.

तुम्ही कुठल्या देशात आहात, तिथला पाऊस कसा आहे आणि बाळाला घेऊन तुम्ही काय युक्त्या करता, ते नक्की कळवा. एखादी भारी युक्ती असेल तर पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू लवकरच, तोवर टोपी घाला, बाळालाही घाला!