परसदारचे बॅडमिंटन

बॅडमिंटनला पूर्वी ‘पूना’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रजांनी त्याचे नियम बांधले. हा खेळ परसदारी आणावयाचा तर १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद आखणी आणि भोवती थोडी मोकळी जागा लागते. लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे मावळतीचे ऊन डोळ्यांवर येत नाही.

खरी परीक्षा जमिनीची. इंदूरकडील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट घातलेले काँक्रीट तडकले, तर बोल मात्र गवंड्याला लागतो! ती माती खोदून काढावी, मुरमाचे थर घालावेत आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकावा. उतार एकाच बाजूस, शंभर हातांस एक हात, इतका पुरे. मात्र ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे वळू देऊ नये. पुष्कळ ठिकाणी खेळाआधी भांडण जुंपते ते येथेच.

पश्चिमेकडील जुना आंबा आड येतो म्हणून कुऱ्हाड उचलण्याची घाई नको. आखणी सरकवून पाहावी. फूल जेमतेम पाच ग्रॅमचे, त्याला वाऱ्यापासून आडोसा लागतोच. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असावी. ती बांधणे अर्ध्या तासाचे काम.