पाकोळी कशी ओळखाल?

बालमित्रांनो, वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. माझे बाबा मासे मारायला जातात तेव्हा ती लांबून दिसतात. तिथल्या गुहेत पाकोळी हा लहान पक्षी राहतो.

तारेवर बसते ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसतच नाही, कातळाला पायांनी लटकते. इमारतीत घरटे करणाऱ्या दुसऱ्या पाकोळीच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो. बेटावरची नुसती तपकिरी. काळोखात ती टक्टक् आवाज करते आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढते.

ती लाळेने शेवाळ, पिसे चिकटवून घरटे बांधते. परदेशात सूपसाठी विकायला माणसे ही घरटी चोरून नेत. घरटे गेले की अंडीही गेली! म्हणून मित्रांनो, पाकोळी लांबूनच बघायची, घरट्याला हात लावायचा नाही.