बंड कुठून येतं?

नळदुर्गाच्या वाटेने 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली, हे अणदूरकरांना नव्याने सांगायला नको. त्याआधीचं मात्र कमी बोललं जातं. उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर गश्ती 53 या सरकारी हुकमाखाली आधी परवानगी. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी. अशा राज्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळासुद्धा राजकारण ठरत होती.

झारच्या रशियात ज्यूंच्या वाट्याला सरकारची अशीच अडवणूक आली, फार क्रूरपणे. 1897 च्या जनगणनेत तिथे सुमारे 52 लाख ज्यू होते. त्यांतल्या बहुतेकांना साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ठरावीक प्रांतांबाहेर राहायची मुभा नव्हती. 1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, खापर ज्यूंवर फुटलं आणि दंगलींत त्यांची घरं लुटली गेली. पुढच्याच वर्षी त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करायला मनाई झाली. 1887 मध्ये विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली: त्या प्रांतांत शंभरात दहा, बाहेर पाच, राजधान्यांत तीन. म्हणजे शिकायची भूक असलेली पोरं, कसबी कामगार आणि दाटीवाटीची गावं एकाच कुंपणात कोंडली गेली. 1897 मध्येच विल्ना शहरात ‘बुंद’ हा ज्यू कामगारांचा पक्ष गुपचूप स्थापन झाला, यात मला काहीच नवल वाटत नाही. तरी सगळे ज्यू क्रांतिकारक होते, ही समजूत खोटी. बहुतेक जण पोटामागे होते, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत वीस लाखांच्या आसपास लोक सरळ देश सोडून गेले, त्यांतले बहुतेक अमेरिकेला.

आता याउलट कोकणातले बेने इस्रायल ज्यू पाहा. शनवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. त्यांना कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत जागा मिळाली, बढतीही मिळाली. सामाजी हसाजी दिवेकर फौजेतलेच. मुंबईचं पहिलं सिनेगॉग त्यांनी 1796 मध्ये बांधलं. अशा समाजाने सरकारविरुद्ध उठावं कशाला? पुढे फौजेत जातवार कंपन्या झाल्या, एवढ्याशा समाजाची कंपनी होईना, आणि भरती आटली. लोक कारकुनी, रेल्वे, दवाखान्यांकडे वळले. बहुतेकांची निष्ठा इंग्रजांशीच राहिली. पण शिकलेल्यांतले काही सरकले: डेव्हिड एरुलकर टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात बचावाच्या वकिलांत होते, तर त्यांचे भाऊ अब्राहम हे गांधीजींच्या डॉक्टरांपैकी एक.