वादळं वाढली की मोजणी?

४ ऑगस्ट २००५च्या ‘नेचर’च्या अंकात अमेरिकेतल्या ‘एमआयटी’चे हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचा एक छोटा शोधनिबंध छापून आला. हरिकेनची, म्हणजे अटलांटिकमधल्या प्रबळ चक्रीवादळांची, संहारक शक्ती १९७०च्या दशकाच्या मध्यापासून बरीच वाढली आहे आणि ही वाढ समुद्राच्या तापण्याशी जुळते, असं त्यांचं म्हणणं होतं. एरवी ही चर्चा तज्ज्ञांपुरतीच राहिली असती. पण २९ ऑगस्टला ‘कॅटरिना’ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं, न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पाठोपाठ १६ सप्टेंबरला ‘सायन्स’मध्ये पीटर वेबस्टर, ग्रेग हॉलंड, ज्युडिथ करी आणि त्यांच्या सहकाऱ्याने जगभरचा हिशेब मांडला. वादळांची एकूण संख्या वाढलेली नव्हती. मात्र चौथ्या आणि पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणींतल्या वादळांची संख्या १९७०च्या दशकापासून जवळजवळ दुप्पट झाली होती.

मग वाद पेटला.

मूळ तर्क सरळ आहे. चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं. पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर असलं की भरपूर बाष्प वर चढतं, त्याचे ढग होताना दडलेली उष्णता मोकळी होते आणि वादळाला बळ मिळतं. पाणी जास्त तापलं, तर वादळही जास्त बळावणार. पण वादळ जन्माला यायला नुसतं ऊन पाणी पुरत नाही. खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगांनी वाहत असतील तर उभं राहू पाहणारं वादळ विस्कटतं. वातावरणाचे मधले थर कोरडे असतील तरी त्याचा जीव जातो. पृथ्वी तापते तसे हे घटकही बदलतात. म्हणूनच संगणकी प्रारूपांपैकी बरीचशी सांगतात, की पुढच्या काळात वादळांची संख्या आहे तेवढीच राहील किंवा घटेल, पण जी येतील त्यांतली जबर वादळं वाढतील.

विरोधकांचा आक्षेप या तर्कापेक्षा नोंदींवर अधिक होता. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे विल्यम ग्रे १९८४पासून हरिकेनच्या मोसमाचे अंदाज देत असत. अटलांटिकच्या प्रवाहांत काही दशकांचं नैसर्गिक चक्र आहे, त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर वादळं वाढली, १९७०-८०च्या दशकांत मंदावली आणि आता पुन्हा उसळली, असं ते म्हणत. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ख्रिस लँडसी यांनी तर आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, अहवालाच्या कामातून जानेवारी २००५मध्येच अंग काढून घेतलं होतं. अहवालातल्या संबंधित प्रकरणाच्या प्रमुखांनी पुराव्याच्या पुढे जाऊन पत्रकारांशी बोलावं, हे त्यांना पटलं नव्हतं.

लँडसी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये नोंदींच्या उणिवेवर नेमकं बोट ठेवलं. बहुतेक वादळांत शिरून वारा मोजणारं कोणी नसतं. उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, मधला डोळा किती स्पष्ट आहे, हे पाहून अभ्यासक वेगाचा अंदाज बांधतो. ही पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात घडवली. तेव्हाची चित्रं धूसर आणि विरळ होती. साहजिकच जुन्या जबर वादळांना खालची श्रेणी मिळून गेली. नोव्हेंबर १९७०मध्ये आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं ज्या वादळात गेली, त्याच्या तीव्रतेचा अधिकृत आकडासुद्धा नोंदीत नव्हता. मग ‘दुप्पट’ कशाच्या दुप्पट?

या प्रश्नाला अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स कॉसिन यांच्या गटाने वेगळ्या वाटेने उत्तर शोधलं. जुनी चित्रं सुधारता येत नाहीत, तर नवी बिघडवता येतात! त्यांनी अलीकडची स्पष्ट चित्रं मुद्दाम जुन्यांइतकी ढोबळ केली आणि सगळ्यांची तीव्रता एकाच संगणकी पद्धतीने ठरवली. १९७९ ते २०१७ या काळाचा हा हिशेब २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. वादळ तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचं असण्याची शक्यता दर दशकाला सुमारे ८ टक्क्यांनी वाढत गेल्याचं त्यातून दिसलं. २०२१च्या आयपीसीसी अहवालानेही अशा वादळांचं प्रमाण गेल्या चार दशकांत वाढलं असावं, असा कौल दिला.

अटलांटिकचं कोडं मात्र जरा निराळं आहे. अमेरिका आणि युरोपने हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे केले, तसे कारखान्यांच्या धुरातले सल्फेटचे कण घटले. हे कण ऊन अडवत असत. ते विरळ झाल्यावर समुद्र अधिक तापला. त्यामुळे १९८०च्या दशकानंतरच्या उसळीतला किती भाग हरितगृह वायूंचा, किती विरत्या धुराचा आणि किती निसर्गाच्या चक्राचा, यावर अजूनही मतभेद आहेत. त्यात किनाऱ्यावरच्या घटना फसव्या असतात. ऑक्टोबर २००५च्या ‘विल्मा’नंतर ऑगस्ट २०१७च्या ‘हार्वे’पर्यंत, जवळजवळ १२ वर्षं, तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचं एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आदळलं नाही. तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी या खंडाचा भरपूर गाजावाजा केला.

पावसाबाबत मात्र वाद कमी आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ‘हार्वे’ टेक्सासवर काही दिवस रेंगाळलं, तेव्हा नेदरलँड नावाच्या गावाजवळ ६० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. त्यात तापमानवाढीची भर सुमारे १५ टक्के असावी, असं एका अभ्यासाने काढलं; दुसऱ्याने ती किमान १९ टक्के धरली. शिवाय समुद्राची पातळी वाढल्याने वादळाने ढकललेलं पाणी पूर्वीपेक्षा आत शिरतं.

वादळं खरंच वाढताहेत का, हाच प्रश्न अरबी समुद्राबाबत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अभ्यासला जातो. १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली, असं तिथल्या संशोधकांना २०२१मध्ये आढळलं. अरबी समुद्रात मुळात वादळं थोडी, त्यामुळे टक्केवारी झपकन वर चढते हे खरं. म्हणूनच ३ जून २०२०ला श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणाऱ्या ‘निसर्ग’सारख्या एकट्या वादळाचं खापर सरसकट तापमानवाढीवर फोडायला हे संशोधकही तयार नसतात.

वाद ऐन भरात असताना, जुलै २००६मध्ये, इमॅन्युएल, लँडसी, वेबस्टर आणि करी यांच्यासह दहा तज्ज्ञांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आमचे मतभेद राहोत, पण त्यांच्या गदारोळात खरा धोका झाकला जातोय, असा त्याचा रोख होता. हा धोका म्हणजे वादळी किनाऱ्यांवर दाटत चाललेली वस्ती आणि तिला उत्तेजन देणारी सरकारी धोरणं व विम्याचे स्वस्त दर. २०००च्या जनगणनेत फ्लोरिडाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख होती. २०२०मध्ये ती २ कोटी १५ लाखांवर गेली.