मुलकोवालची बाटली आणि वाकडचे लेकरू

वाकडच्या टोलेजंग इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांतून बांधकाम मजूर राहतात. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईने लेकराला लस द्यायला नकार दिला, म्हणून आम्हाला समजवायला बोलावले. तिने आम्हालाच विचारले, "साहेब, सुई दिल्यावर लेकरू दगावलं तर कुणाला धरायचं?" सोबतचे कार्यकर्ते हसले. आम्ही हसलो नाही. वकील म्हणून सांगतो, हा अडाणीपणाचा नव्हे, जबाबदारीचा प्रश्न आहे. आणि तो शंभर वर्षांपूर्वी न्यायासनापुढे येऊन गेला आहे.

वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. झारच्या रशियात ज्यू म्हणून त्यांची वाट अडवली गेली. जन्माची शिक्षा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली व 1892 मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1893 पासून ते भारतात गावोगाव लस टोचत फिरले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यापासून लस केली. 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. ते स्वेच्छेने पुढे आले असे म्हणतात. पण कैद्याच्या संमतीला कितपत संमती म्हणायचे, हा प्रश्न आम्ही सोडणार नाही.

त्याच वर्षी 10 मार्चला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, पुण्यात सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि प्लेगने त्यांनाच गाठले. मुंबईत लस तयार झाली होती. मुंढव्याच्या वस्तीत मात्र रोग्यापाशी पोहोचली ती माईंची पाठ. विज्ञान आणि वस्ती यांतले अंतर ते हेच.

आता मुलकोवालकडे वळू. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील या गावात 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी 53-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण पुरावा काय सांगत होता? बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. उघडतेवेळी बाटलीला दुर्गंधी नव्हती; धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढले असते तर ती यायला हवी होती. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा निष्कर्ष खोडून काढला. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरून पुन्हा भारतात आले. परंतु उमेदीची वर्षे कोण परत देणार? ज्या प्रयोगशाळेवर ठपका आला, तिलाच 1925 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली ते वारले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पुराव्याशिवाय विज्ञानाला फाशी देऊ नका. आणि "कुणाला धरायचं" असे विचारणाऱ्या आईला गप्पही बसवू नका. लसीकरणानंतर काही विपरीत घडले तर तपासणाऱ्या जिल्हा पातळीवरील समित्या आज आहेत. मजुरांच्या वस्तीत हे कोणी सांगते का? घटनेच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. कंत्राटदार बदलला की मजुराचा पत्ता बदलतो, मग लेकराचा पुढचा डोस कोणत्या नोंदवहीत सापडणार?

त्या बाईला आम्ही हे सगळे जमेल तसे सांगितले. मुलकोवालमध्ये ज्या धनुर्वाताने 19 जीव घेतले, त्याच्याविरुद्धचीच लस आज तिच्या लेकराला मिळते, हेही सांगितले. ती म्हणाली, "मग तुम्ही संगं चला." आम्ही गेलो.

बांधवांनो, भाषणे पुरे झाली. माईंनी लेकरू पाठीवर घेतले होते. आपण निदान वस्तीतल्या लेकराचे कार्ड तरी हातात घेऊ या.