मिथेनपासून हायड्रोजन : आधी भांडे विचारा



कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरी कुणाला सांगावे लागत नाही. ताक तेच, पण भांड्याने बिघडते. मिथेनपासून हायड्रोजन काढण्याच्या पद्धतीतही नेमकी हीच मेख आहे.

स्पेंटवॉश किंवा प्रेसमडपासून होणाऱ्या बायोगॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन. हवा न लागू देता तो खूप तापवला की फुटतो. १६ किलो मिथेन पूर्ण फुटला तर ४ किलो हायड्रोजन आणि १२ किलो कार्बन मिळतो. नुसत्या उष्णतेवर हे करायचे तर हजार अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते.

आता भांडे पाहू. क्वार्ट्‌झ काचेची नळी या कामात जवळजवळ तटस्थ राहते. पोलादाचे तसे नाही. त्यातले लोखंड आणि निकेल स्वतःच मिथेन फोडायला मदत करतात, म्हणून कमी तापमानालाही हायड्रोजन निघू लागतो. ऐकायला झकास! पण तोच कार्बन पोलादात मुरतो, पोलाद ठिसूळ होते, त्याला खड्डे पडतात. वर काजळीचा थर बसला की भिंतीची मदत घटते आणि नळी तुंबते ती वेगळीच. म्हणजे पहिल्या दिवसाचा उतारा कायमचा समजू नये.

जर्मनीत कार्ल्सरूह येथे २०१२ ते २०१५ या काळात वेगळी युक्ती करून पाहिली. वितळलेल्या कथलातून मिथेनचे बुडबुडे सोडले. गुऱ्हाळात काहिलीवर मळी यावी तसा कार्बन वर तरंगला. १२०० अंशांवर ७८ टक्क्यांपर्यंत मिथेन फुटला. पण तापलेले कथील पोलादच खाते! म्हणून बाहेर पोलाद आणि आत क्वार्ट्‌झ, अशी जोडी करावी लागली. कल्हईचेच कथील, पण तिथे त्याच्यापासूनच भांडे राखावे लागले.

शिवाय बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आधी काढावा लागतो, आणि निकेलला निकामी करणारा हायड्रोजन सल्फाइडही.

तेव्हा उद्या कुणी असा प्रकल्प घेऊन आले, तर सभेत तीन प्रश्न जरूर विचारा : भांडे कशाचे? ते किती तास सलग चालले? आणि काजळी बाहेर कशी काढणार? भागभांडवल आपल्या घामाचे आहे. उत्तर मिळाल्यावरच हात वर करावा.