‘टर्बो गेला’ म्हणतात? आधी नळी बघा!

खंबाटकीचा घाट चढताना भरलेली एसटी तुमच्या गाडीला आरामात ओव्हरटेक करून गेली, तर समजायचं की आपल्या गाडीचं काहीतरी बिनसलंय. गेल्या मे महिन्यात आमचं अगदी तसंच झालं. मामाची सात सीटर डिझेल टुरिस्ट गाडी घेऊन आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. घाट सुरू झाला आणि गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. मामाने गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, दोन मिनिटांनी परत सुरू केली. गाडी एकदम ओके! पुढच्या चढाला पुन्हा तेच रडगाणं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९. मी लगेच मोबाइलवर शोधलं आणि शहाणपणा केला, ‘मामा, टर्बो अंडरबूस्ट! म्हणजे टर्बोच गेलाय.’ गॅरेजवाल्यांनी आधी बूस्ट सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा परत लागला. मग ते म्हणाले, आता टर्बोच बदलावा लागेल, खर्च साधारण ६० हजार.

मामाच्या गाडीचा हप्ता चालू आहे. मामेभावाची इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची होती. मामा एवढंच म्हणाला, ‘फी भरू का टर्बो टाकू, तूच सांग.’ कोड वाचून ‘टर्बो गेला’ म्हणणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे माझी बोलतीच बंद झाली.

शेवटी ओळखीतून एक मिस्त्री सापडले. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलेलं, छोटंसं गॅरेज. त्यांनी कोड बघितला आणि म्हणाले, ‘ताई, ही नुसती तक्रार आहे. चूक कुणाची ते अजून कळायचंय.’ पुढचे दोन तास मी स्टुलावर बसून जे बघितलं, ते तुम्हालाही माहीत असावं म्हणून हा लेख.

टर्बो करतो काय?

इंजिनला जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावं लागतं, आणि त्यासाठी जास्त हवा लागते. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो. दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतं. अल्फ्रेड ब्युशी या स्विस इंजिनीअरने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं. आजच्या गाड्यांमधला छोटा टर्बो मिनिटाला १ लाखापेक्षा जास्त फेरे मारतो.

एवढ्या वेगाच्या गोष्टीला लगाम हवाच. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोच्या आत हलणारी पाती असतात. पाती मिटली की धुराचा झोत जोरात बसतो आणि हवेचा दाब वाढतो. उघडली की दाब कमी. मामाच्या गाडीत ही पाती व्हॅक्युमवर हलतात. व्हॅक्युम किती द्यायचा ते सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरवतो. त्या व्हॉल्व्हला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. आणि ‘दाब किती झाला’ ते ईसीयूला परत सांगतो बूस्ट सेन्सर.

ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यात फार फरक पडला की तो कोड टाकतो आणि इंजिन सांभाळायला ताकद कमी करतो. यालाच लिंप मोड म्हणतात. घाटात आमची गाडी याच मोडमध्ये गेली होती. पी०२९९ चा अर्थ फक्त एवढाच, की मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोडला ठाऊक नसतं.

मिस्त्रींची चौकशी

पहिलं काम त्यांनी केलं ते कोड न पुसण्याचं. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे, वेग, तापमान किती होतं याची नोंद ईसीयू ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. आमच्या नोंदीत दिसलं, की इंजिन पूर्ण तापलेलं होतं आणि गाडी चढाला होती.

मग सेन्सर. चावी ऑन, पण इंजिन बंद. अशा वेळी बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास असतो. साताऱ्यात स्क्रीनवर आकडा आला ९३. बरोबर! मामाने पहिल्या गॅरेजमधून जुना सेन्सर मागून घेतला होता. मिस्त्रींनी तो लावून बघितला. तिथेही ९३! मल्टिमीटर लावून सेन्सरच्या वायरीला ५ व्होल्ट येतात का, अर्थ नीट आहे का, तेही बघितलं. सगळं ठीक. शिवाय गाडी खरोखरच ओढत नव्हती. म्हणजे दाब कमी आहे ही सेन्सरची बातमी खरी होती. आम्ही खरं सांगणाऱ्यालाच काढून टाकलं होतं.

तिसरी पायरी रस्त्यावरची. मिस्त्री गाडी चालवत होते आणि मी शेजारी स्कॅनर धरून. (एकट्याने हे अजिबात करू नका. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नसतं.) मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, दोन आकडे शेजारी शेजारी. गाडी थंड असताना दोन्ही बरोबरीने पळत होते. इंजिन तापलं आणि चढ आला, तसा दुसरा आकडा मागे पडायला लागला. मिस्त्री हसले. ‘टर्बो मोडला असता तर थंडीतही ओढला नसता,’ ते म्हणाले.

परत आल्यावर हवेचे जाड पाइप आणि इंटरकूलरचे क्लिप तपासले. कुठे ऑइलचे ओले डाग नाहीत, म्हणजे तिथून हवा फुटत नव्हती. मग त्यांनी हातपंप लावून पाती हलवणाऱ्या डबीला थेट व्हॅक्युम दिला. दांडा अलगद आत गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे डबी फाटलेली नाही, पाती काजळीने अडकलेली नाहीत. सोलेनॉइडची कॉइल मोजली, कनेक्टर बघितला. तोही शाबूत.

राहिली फक्त नळी. सोलेनॉइडपासून टर्बोपर्यंत जाणारी, पेन्सिलीएवढी रबरी नळी. ती गरम भागाच्या अगदी जवळून गेली होती. मिस्त्रींनी ती वाकवली आणि खालच्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. थंड असताना चीर मिटलेली राहायची, रबर तापून मऊ पडलं की उघडायची. व्हॅक्युम गळायचा, पाती उघडी राहायची, दाब कमी पडायचा आणि ईसीयू कोड टाकायचा. उष्णता सोसणारी नवी नळी टाकली. मजुरीसकट बिल ५०० रुपयांच्या आत. संध्याकाळी मामाने खंबाटकीपर्यंत जाऊन घाट चढून बघितला. दिवा लागला नाही, तो आजपर्यंत लागलेला नाही. फीसुद्धा वेळेत भरली.

कोड वाचायचा कसा?

टर्बोचे कोड ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार परिणाम सांगणारा. पी०२९९ म्हणजे दाब कमी, पी०२३४ म्हणजे दाब जास्त. इथे कारण हवा, व्हॅक्युम, पाती, काहीही असू शकतं. दाब जास्त होण्यामागे बऱ्याचदा काजळीने अडकलेली पाती असतात.

दुसरा प्रकार वायरिंगकडे बोट दाखवणारा. पी०२३७ म्हणजे बूस्ट सेन्सरच्या सर्किटचा सिग्नल फार कमी, पी०२३८ म्हणजे फार जास्त. पी००४५ बूस्ट कंट्रोलच्या सर्किटबद्दल बोलतो. यातही लगेच पार्ट बदलायचा नसतो. आधी कनेक्टर, गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली वायर बघायची. सेन्सरचा प्लग काढून बघितला आणि आकडा बदललाच नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा त्याच्याही पुढे असू शकतो.

नव्या अनेक गाड्यांत व्हॅक्युमऐवजी इलेक्ट्रिक मोटर पाती हलवते आणि तिची जागा सांगायला वेगळा सेन्सर असतो. तिथे हातपंप चालत नाही. स्कॅनरवरून मोटरला हुकूम देऊन ती किती हलली ते बघतात.

आणि हो, टर्बो खरोखरही जातो. निळा धूर, झपाट्याने कमी होणारं ऑइल, शिट्टीसारखा किंवा घासल्याचा आवाज अशी लक्षणं असतील तर गाडी रेटू नका. बंद करा आणि टो करून न्या.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

१. कोड नेमका कोणता? (पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमसकट फोटो काढून ठेवा.)
२. चावी ऑन, इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सर किती दाखवतो?
३. गाडी लोडवर असताना मागितलेला आणि मिळालेला दाब किती?
४. नळ्या, पाइप, क्लिप आणि कनेक्टर तपासले का?
५. बदललेला जुना पार्ट परत मिळेल ना?

हे विचारायला इंजिनीअरिंगला असावं लागत नाही. मी मास कॉमची. एका सोर्सवर बातमी करायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. तरी मी एका कोडवर टर्बोची बातमी करून टाकलीच होती. तुमच्या घरच्या गाडीचा दिवा लागला आणि कुणी थेट मोठा आकडा सांगितला, तर बाबांना, काकांना, मामाला एवढंच सांगा, की आधी हे पाच प्रश्न विचारून येऊ.